करारातील शून्य : शेतमालाच्या जागतिक वाटाघाटींचा एक धडा

स्मरणिका समितीने यंदा मजकडून एक अभ्यासपर लेख मागितला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. माझी खरी शाळा म्हणजे धान्याची पेढी. तथापि ज्या विषयाचा आपल्या धंद्याशी निकटचा संबंध आहे आणि तरीही आपल्या सभांत ज्याची चर्चा क्वचितच होते, असा एक विषय सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा असे मनात आले. तो विषय म्हणजे शेतमालाच्या व्यापाराविषयी राष्ट्राराष्ट्रांत होणारे करार आणि त्यांसाठी आपल्यासारख्या विकसनशील देशाला करावी लागणारी तयारी.

आरंभी स्वतःचीच एक चूक सांगतो. पेढीवर बसू लागलो त्या पहिल्याच वर्षी दोनशे पोती ज्वारीची खरेदी मी एकट्याने ठरविली. भाव मनासारखा मिळाला म्हणून सौद्याच्या चिठ्ठीवर घाईने सही केली. माल उतरल्यावर कळले की, तोल बारदानासह धरावयाचा असे चिठ्ठीत खाली लिहिले होते. म्हणजे दोनशे रिकाम्या पोत्यांचे वजन मी ज्वारीच्या भावाने विकत घेतले होते! मी तक्रार सांगू लागलो, तेव्हा तीर्थरूप वडील एवढेच म्हणाले, "सही तुझी, तर तूटही तुझीच." राष्ट्रांच्या करारांची हकीकत वाचताना हे वाक्य मला वारंवार आठवते.

शून्य कोठून आले?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, जिनिव्हा येथे २३ देशांनी जकात व व्यापार यांविषयी एक सर्वसाधारण करार केला. त्यासच गॅट करार म्हणतात. भारत त्याच्या मूळ सभासदांपैकी एक होय. अशा करारात प्रत्येक देश एकेका जिनसेवर आयात जकात जास्तीत जास्त किती लावील, हे लिहून देतो. या आकड्यास बांधील जकात म्हणतात. प्रत्यक्ष जकात त्याहून कमी ठेवता येते. जास्त लावता येत नाही.

गॅटच्या जुन्या वाटाघाटींत भारताने तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी या जिनसांपुढे शून्य लिहून दिले होते. त्या काळी त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. देशात धान्याची टंचाई होती. बाहेरचे धान्य सरकारच आणीत असे. शिवाय परकीय चलन अपुरे असल्यामुळे आयातीवर परवान्याचे कडक निर्बंध होते. दाराला परवान्याचे कुलूप असल्याने जकातीची कडी नसली तरी निभावत होते.

पुढे १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे नव्या करारांवर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. या वेळी भारताने कच्च्या शेतमालावर सामान्यतः शेकडा १००, प्रक्रिया केलेल्या मालावर १५० आणि बहुतेक खाद्यतेलांवर ३०० अशी उंच मर्यादा राखून ठेवली. सोयाबीन तेल मात्र ४५ वरच बांधले गेले. पण जुनी शून्ये होती तशीच राहिली. त्यानंतर आयातीवरील निर्बंधांविरुद्ध अमेरिकेने १९९७ साली तक्रार केली. १९९९ साली अंतिम निकाल भारताविरुद्ध लागला आणि १ एप्रिल २००१ पर्यंत ते निर्बंध उठविले गेले.

कुलूप निघण्याची वेळ आली, तेव्हा दाराला कडीच नसल्याचे ध्यानात आले. बेळगाव, विजापूर, सोलापूर या भागांतील ज्वारीच्या आणि कोकण-गोव्यातील भाताच्या शेतकऱ्याला परदेशी मालापासून शेकडा एक टक्का जकातीचेही संरक्षण देण्याचा हक्क आपल्या सरकारपाशी उरला नसता. सुदैवाने गॅटच्या अठ्ठाविसाव्या कलमान्वये असा आकडा पुन्हा वाटाघाटी करून बदलता येतो. त्याचा आधार घेऊन डिसेंबर १९९९ मध्ये भारताने तांदळावर प्रकारपरत्वे ७० ते ८० टक्क्यांची मर्यादा मिळविली. ज्वारी-बाजरीलाही त्याच बेताची मर्यादा मिळाली. परंतु हे फुकट मिळाले नाही. त्याच्या मोबदल्यात इतर जिनसांवरील जकातीत सवलती द्याव्या लागल्या. दुधाच्या भुकटीवर ६० टक्के मिळाले, तरी वर्षाला १०,००० टनांपर्यंतचा माल १५ टक्क्यांनी येऊ देण्याचे मान्य करावे लागले. माझ्या अल्पमतीप्रमाणे हीच दुरुस्ती १९९४ च्या मोठ्या सौद्यातच मागितली असती, तर ती अधिक स्वस्तात पडली असती.

आकडा एक, हिशेब दोन

दुसरा धडा हमीभावाचा आहे. माराकेशच्या शेतीविषयक करारानुसार विकसनशील देशाने एखाद्या पिकास दिलेला व्यापारावर परिणाम करणारा आधार, त्या पिकाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हा आधार कसा मोजावयाचा? आजचा हमीभाव आणि १९८६ ते १९८८ या काळातील बाहेरचा संदर्भभाव यांतील फरकास 'पात्र उत्पादना'ने गुणावयाचे. आपल्याकडे साध्या भाताचा हमीभाव १९८६-८७ मध्ये क्विंटलला १४६ रुपये होता. २०२५-२६ साठी तो २,३६९ रुपये जाहीर झाला. महागाई एवढी वाढली, पण हिशेबातील जुना संदर्भभाव जागचा हलला नाही. भारत हा हिशेब डॉलरमध्ये मांडतो, त्यामुळे रुपयाच्या घसरणीचा भार काहीसा हलका होतो, एवढेच.

आता 'पात्र उत्पादन' या दोन शब्दांचे मोल पाहा. समजा, संदर्भभाव १०० रुपये, हमीभाव १२५ रुपये, एकूण उत्पादन १०० क्विंटल आणि त्यांपैकी सरकारने खरेदी केले ४० क्विंटल. उत्पादनाची किंमत १२,५०० रुपये झाली. सरकारने जेवढे खरेदी केले तेवढेच पात्र धरल्यास आधार २५ गुणिले ४०, म्हणजे १,००० रुपये, अर्थात ८ टक्के होतो. सगळेच पीक पात्र धरल्यास तो २,५०० रुपये, म्हणजे २० टक्के होतो. पहिल्या हिशेबाने आपण मर्यादेच्या आत, दुसऱ्याने दुप्पट बाहेर!

हा वाद केवळ कागदावरचा नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेने सगळे पीक पात्र धरून असा दावा मांडला की, भारताचा आधार गव्हास ६० टक्क्यांहून आणि तांदळास ७० टक्क्यांहून अधिक आहे. भारताने आपल्या पद्धतीने २०१८-१९ सालचा तांदळाचा हिशेब दिला, त्यातही ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर सुमारे ५ अब्ज डॉलर, म्हणजे ११ टक्क्यांहून थोडा अधिक आधार निघाला. मर्यादा ओलांडली गेली. त्या वेळी उपयोगी पडले ते डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे मिळविलेले 'शांतता कलम'. नोव्हेंबर २०१४ मध्ये, कायमचा तोडगा निघेपर्यंत ते चालू राहील असे ठरले. अन्नसुरक्षेसाठी केलेल्या साठ्यावरून तक्रार होऊ नये, हा त्याचा हेतू. पण त्याची एक अट आपण व्यापाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे : साठा आणि खरेदी यांची माहिती नियमाने द्यावी लागते. ज्याची वही पुरी नाही, त्याला कलमाचा आधार नाही.

तयारी म्हणजे काय?

वाटाघाटीची शक्ती केवळ वक्तृत्वाने येत नाही. करार वाचणारा वकील, हिशेब करणारा अर्थशास्त्री आणि बाजारातला खरा भाव सांगणारा जाणकार, असे तिघे एकत्र यावे लागतात. ब्राझीलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध त्या देशाने २००२ साली तक्रार केली. या लढ्याच्या खर्चाचा भार ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संघटनेने उचलला, आणि अनुदानांमुळे जगातील भाव किती पडला याची गणिते तज्ज्ञांकडून मांडली गेली. २००५ साली निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. २०१४ साली ३० कोटी डॉलर मिळून प्रकरण मिटले. उलट बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी २००३ साली त्याच कापसाचे गाऱ्हाणे मांडले. बाजू न्याय्य असूनही त्यांना आश्वासनांपलीकडे फारसे हाती लागले नाही.

आपल्याकडेही काही झाले आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासासाठी १९९९ साली दिल्लीत एक केंद्र निघाले. जिनिव्हा येथे २००१ पासून विकसनशील देशांना कमी खर्चात कायदेविषयक सल्ला देणारी संस्थाही चालते. परंतु दिल्लीतील अभ्यासकाला बाजारपेठेतील माहिती कोण पुरविणार?

आपल्या संघाचे कर्तव्य

येथे दुसरी चूक कबूल करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी कार्यकारी मंडळात असताना, एका नियोजित व्यापार करारात कोणत्या जिनसा सवलतीतून वगळाव्यात, याविषयी व्यापाऱ्यांचे मत मागविणारे पत्र आले होते. पत्र इंग्रजीत होते, जोडलेले तक्ते लांबलचक होते. कोणीतरी पाहील म्हणून ते फायलीत गेले आणि मुदत संपली. पुढे आयातीविषयी गाऱ्हाणी करण्यात मात्र आम्ही मागे राहिलो नाही! तो दोष माझाही आहे.

यास्तव माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, संघाने मुख्य जिनसांचे आवक, प्रत आणि भाव यांची साप्ताहिक नोंद ठेवावी. माझ्या पेढीतील १९८२ पासूनच्या भाववह्या मी या कामी संघाच्या स्वाधीन करीन. दुसरी, सरकारकडून मत मागविणारे पत्र आल्यास पंधरा दिवसांत मराठीत त्याचा सारांश सभासदांना मिळावा आणि मुदतीत उत्तर जावे. तिसरी, सभासदांच्या मुलामुलींपैकी कायदा वा अर्थशास्त्र शिकणाऱ्या एकास दरवर्षी या विषयाच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती द्यावी.

कोणी म्हणेल, आयात स्वस्त झाली तर व्यापाऱ्याचा तोटा काय? एखाद्या हंगामात नफाही होईल. पण ज्या शेतकऱ्याचा माल आपल्या काट्यावर तोलला जातो, त्याने ज्वारी पेरणे सोडले तर आपली पेढी कशावर चालणार? त्याचे आणि आपले खाते एकाच वहीत आहे.

या सूचनांवर येत्या वार्षिक सभेत विचार व्हावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.