न्हाल्यावर केस वाळवताना वाफसा ओळखा



ऊस विकास विभागाने केसांवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण मागे गट कार्यालयात मातीचा नमुना द्यायला आलेल्या एका सभासद भगिनीने आम्हाला विचारले, "साहेब, उसाचं सगळं सांगता, माझ्या लेकीचे केस कशानं तुटत्यात ते बी सांगा की!" तेलाच्या बाटल्यांवर पैसा घालूनही मुलीची वेणी बारीक होत चालली होती. न्हाल्यावर केस वाळवता कसे, असे आम्ही विचारले. "टॉवेलानं खसाखसा पुसायचे, विंचरायचे आन् वेणी घालायची. शाळेची एस.टी. थांबती का?" दोष बहुतेक तिथेच होता.

पाणी दिल्यावर आपण रानात लगेच कुळव घालत नाही. ओल्यात औत घातले तर ढेकळे निघतात, जमिनीची घडण बिघडते. म्हणून वाफशाची वाट पाहतो. केसांचेही तसेच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. केस ओला झाला की फुगतो, आतले काही बंध सुटतात, त्यामुळे तो जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. खसाखसा पुसल्याने खवले उचकटतात. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याची जखम भरून येत नाही. नवा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर केस पुन्हा यायला दीड वर्ष, आडसाली उसाइतका काळ!

आधी एक तपासणी करा. गळालेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून गळालेला आहे. रोज ५० ते १०० केस असे गळणे स्वाभाविक आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे दिसले तर केस मोडतो आहे, आणि त्यावर उपाय आपल्या हाती आहे. मुळापासून फारच गळत असतील तर मात्र तेले बदलत बसू नका. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. अंगात रक्त कमी असले तरी केस गळतात.

आता वाळवण्याची रीत :

१) न्हाल्यावर केस पिळू नयेत, हाताने हलके निथळून घ्यावेत.

२) जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा किंवा पंचा केसांभोवती गुंडाळून दाबून पाणी टिपावे. घासू नये, पंचाने केस झटकू नयेत.

३) केस मोकळे सोडून सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावेत. थोडी ओल राहिली की रुंद दात्यांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवावा, मग वर यावे. कुरळ्या केसांचा गुंता ओल असतानाच, पण हलक्या हाताने काढावा.

४) ओल्या केसांची घट्ट वेणी किंवा अंबाडा घालू नये.

५) घाई असेल तर वाळवण्याचे विजेचे यंत्र वापरायला हरकत नाही. कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यंत्र १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवल्यास नुकसान कमी होते, असे दिसले. जवळून कडक वारा दिला की केस भाजतो. न्हाणीघरात किंवा ओल्या हाताने यंत्राला हात लावू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केस वाळेपर्यंत कामे थांबत नाहीत हे आम्ही जाणतो. पण मोकळ्या केसांनी कडबाकुट्टी, मळणी यंत्र किंवा इंजिनाच्या पट्ट्याजवळ कधीही जाऊ नका. केस ओढले गेले तर क्षणात जिवावर बेतते. तेवढे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. बंधूंनो, हे तुमच्यासाठी लिहिले आहे.

त्या भगिनीला आम्ही एवढेच सुचवले की लेकीचे न्हाणे शाळेच्या दिवशी नको, रविवारी सकाळी ठेवा. खर्च काहीच नाही. वाफशाची वाट पाहणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.