शाळेच्या पोषण आहारासाठी गावच्याच मळ्यातील भाजी

धाराशिव हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा आणि वारंवार अवर्षणाला तोंड देणारा जिल्हा आहे. खरिपात सोयाबीन, तूर, उडीद व रब्बीत ज्वारी, हरभरा ही येथील मुख्य पिके. भाजीपाल्याचे क्षेत्र थोडे असल्याने अनेक गावांत भाजी आठवडी बाजारातून येते. तीच गोष्ट गावच्या शाळेची. बाजार आठवड्यातून एकदा भरतो, म्हणून आठवडाभर टिकेल असा बटाटा आणि कांदाच बहुधा घेतला जातो. ज्या पालेभाजीची मुलांना खरी गरज आहे, ती दुसऱ्या दिवशी कोमेजत असल्याने खिचडीत क्वचितच पडते. शेतकरी बंधू-भगिनींनो, ही उणीव गावातील पाव एकर जमीन भरून काढू शकते.

योजना व भाजीचे प्रमाण

प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. २०२१ पासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. तीनुसार इयत्ता १ ली ते ५ वीच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, तर ६ वी ते ८ वीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी द्यावयाची असते. तांदूळ शासनाकडून येतो. ग्रामीण भागात भाजीपाला व इंधनाची खरेदी मात्र शाळेच्या पातळीवर होते. शेतकऱ्याला संधी आहे ती येथेच.

किती जमीन लागेल?

समजा, शाळेत १ ली ते ५ वीची ७० व ६ वी ते ८ वीची ५० मुले आहेत. रोजची गरज अनुक्रमे ३.५ किलो व ३.७५ किलो, म्हणजे एकूण सव्वासात किलो होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेचे किमान दिवस अनुक्रमे २०० व २२० आहेत. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे १५ क्विंटल भाजी लागेल. गुंठ्याला सरासरी १०० किलो इतके माफक उत्पादन धरले, तर १५ गुंठे पीक घ्यावे लागते. एकाच जागेत वर्षात दोन पिके घेतल्यास ८ गुंठे पुरतात. रोग, किडी किंवा पावसाच्या खंडासाठी २ गुंठे जादा धरावेत. म्हणजे एकूण १० गुंठे.

पाण्याच्या दृष्टीनेही हा मेळ चांगला बसतो. विहीर तळाला जाते त्या मे महिन्यात शाळेला सुटी असते. त्या काळात वाफे मोकळे ठेवून नांगरट करावी व शेणखत टाकावे.

लागवडीचे वेळापत्रक

सर्व बी एकाच वेळी पेरू नये. मुलांना भाजी रोज हवी, एकदम गाडीभर नको. म्हणून दर १० ते १५ दिवसांनी एकेक वाफा पेरावा.

१) जून-जुलै : शाळा उघडते तेव्हा मळ्यात नवी भाजी तयार नसते. यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत लाल भोपळा लावावा. पक्व फळे देठासह काढून हवेशीर जागी ठेवल्यास दोन-तीन महिने टिकतात. जोडीला बांधावरील शेवग्याचा कोवळा पाला व तांदुळजा द्यावा.

२) ऑगस्ट-ऑक्टोबर : जूनअखेर भेंडी, गवार, चवळी व दोडका लावावा. भेंडीसाठी आपल्या विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा केवडा रोगास प्रतिकारक म्हणून विकसित केलेला वाण निवडावा.

३) नोव्हेंबर-फेब्रुवारी : मेथी, पालक, गाजर, मुळा, टोमॅटो, वांगी. मेथी व पालक पेरणीपासून सुमारे ३० दिवसांत काढणीस येतात. दिवाळीच्या सुटीतील माल बाजारात न्यावा लागेल, हे धरूनच पेरणी करावी.

४) मार्च-एप्रिल : पालक, गवार, दुधी भोपळा. पाणी कमी असल्यास वाफ्यात भुशाचे किंवा पाचटाचे आच्छादन करावे.

पालेभाजी, गाजर, लाल भोपळा यांतून ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास लिंबाची मदत होते, म्हणून बांधावर एक-दोन लिंबाची झाडेही असावीत.

पीक संरक्षण

ही भाजी लहान मुलांच्या पोटात जाणार आहे, हे विसरू नये. ५ टक्के निंबोळी अर्क व पिवळे चिकट सापळे यांवर भर द्यावा. केवडाग्रस्त झाडे उपटून नष्ट करावीत. पालेभाजीवर रासायनिक कीटकनाशक फवारू नये. फळभाजीवर फवारणे भागच पडले, तर वेष्टनावरील प्रतीक्षा कालावधी पूर्ण होईपर्यंत त्या वाफ्यातील माल शाळेस देऊ नये. भाजी सकाळी लवकर काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन पोहोचवावी.

व्यवहार कसा ठेवावा?

एकट्याने जबाबदारी घेण्यापेक्षा पाच जणींच्या गटाने प्रत्येकी २ गुंठे करावेत. एकीचे पीक गेले तरी मुलांचे ताट रिकामे राहत नाही. आपल्या जिल्ह्याला ही पद्धत अपरिचित नाही. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात काम करणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिलांना घरच्या जमिनीपैकी एक एकर अन्नपिकांसाठी घेण्यास प्रोत्साहन दिले. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. ब्राझीलमध्ये तर २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंब-शेतीतील मालावर खर्च करण्याचे बंधन घातले.

या व्यवहारात मोठा पैसा नाही, हे स्पष्ट सांगणे बरे. शाळेला मिळणारा खर्च मर्यादित असतो आणि बिल निघण्यास उशीरही होऊ शकतो. परंतु अडत, हमाली व वाहतूक वाचते. म्हणून बाजारातील घाऊक व किरकोळ दरांच्या मधला दर उभयतांना परवडतो. दर, वार व बिलाची तारीख लेखी ठरवावी. रोजच्या वजनाची नोंद दोन वह्यांत करून सही घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत हा विषय मांडावा.

शाळा सुटण्यापूर्वी, एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेटून पटसंख्या विचारावी व वरीलप्रमाणे हिशेब करावा. वाण व बियाण्यासाठी तुळजापूर येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. पहिल्या वर्षी आठवड्यातील दोनच वार पत्करावेत. ते दोन वार न चुकता पाळल्यावरच तिसरा घ्यावा. त्या ताटावर बसणारी मुले आपल्याच गावची आहेत.