वर्गीकरणाचा पाठ : कोमोडो घोरपड व ऑपॉसम

प्राण्यांचे वर्गीकरण करताना मुले प्रथम आकार पाहतात. आकार हा वर्गाचा निकष नव्हे, हे ठसविण्यास पुढील तुलना उपयोगी पडेल.

इंडोनेशियातील कोमोडो, फ्लोरेस इत्यादी बेटांवरील कोमोडो घोरपड ३ मीटरपर्यंत वाढते. वजन ७० किलोग्रॅमच्या आसपास भरते. ब्राझील, बोलिव्हिया या देशांतील आखूड शेपटीचा ऑपॉसम अवघा १०० ग्रॅमच्या सुमाराचा असतो. घोरपडीच्या अंगावर खवले असतात व ऊब मिळविण्यास तिला उन्हात पडावे लागते. ऑपॉसमच्या अंगावर केस असून त्याचे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते.

खरा भेद संगोपनात आहे. घोरपडीची अंडी उबण्यास सात-आठ महिने लागतात. पिल्लू मात्र बाहेर पडताच स्वावलंबी असते आणि मोठ्या घोरपडींनी खाऊ नये म्हणून झाडावर राहते. ऑपॉसमची मादी १४ दिवसांतच विते. तांदळाच्या दाण्याएवढी, आंधळी पिल्ले आईच्या स्तनाग्रास चिकटून दुधावर वाढतात. बहुतेक शिशुधान प्राण्यांस असते तशी पिशवी या जातीस नसते.

शिक्षकांनी फळ्यावर त्वचा, उष्णता, जन्म व पोषण असे चार रकाने आखून हे भेद मुलांकडूनच भरून घ्यावेत. नंतर त्याच रकान्यांत गावची घोरपड व चिचुंद्री बसविण्यास सांगावे. आपली घोरपड कोमोडोचीच भाऊबंद होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार निषिद्ध आहे, हेही मुलांच्या मनावर अवश्य बिंबवावे. ओळख पटली, तर हाती घेतलेला दगड खाली पडेल.