पहिली टाकी घेताना

आपल्या मराठी विभागात कविता, सहलीची वर्णनं आणि मेसच्या जेवणावरचे विनोद दरवर्षी येतातच. यंदा जरा उपयोगाचं लिहावं म्हटलं. लोणावळ्याला पेंटबॉल खेळून आल्यापासून सेकंड इयरची पोरं एकच प्रश्न घेऊन रूमवर येतात : “दादा, स्वतःची एअर टँक घ्यायची तर कोणती घेऊ? बजेट कमी आहे.” प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळा हिशेब इथे एकदाच मांडतो.

आधीच सांगून टाकतो. ‘कोणती टाकी’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे ‘ती भरणार कुठे?’ मी निरगुडसरचा. आमच्या गावात टायरमध्ये हवा भरून मिळते, फवारणीचा एचटीपी पंप मिळतो, पण दोनशे बारची कोरडी हवा मिळत नाही. होस्टेलवरही तीच गत. म्हणून निवड इथून सुरू करायची.

खेळ आणि गॅस

पेंटबॉलचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. खेळणारे बारा जण होते. त्यांच्या हातातली पिस्तुलं मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली. आपल्याकडे मेंढपाळ मेंढरांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात, तसंच काम, फक्त लांबून. त्या पिस्तुलात १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं काडतूस बसायचं.

आजही कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या मिळतात आणि त्या स्वस्त असतात. पण थर्मोच्या लेक्चरला जागे असाल तर अडचण लगेच लक्षात येईल. टाकीत द्रव आणि वायू एकत्र असतात तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो : शून्य अंशाला सुमारे ३५ बार, २० अंशाला सुमारे ५७ बार. ३१ अंशांच्या वर तर क्रिटिकल पॉइंट ओलांडला जातो, द्रव उरतच नाही आणि भरलेल्या टाकीतला दाब भराभर चढतो. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे ३१ अंश म्हणजे सावलीतली गोष्ट. उलट सलग गोळ्या मारल्या की बाष्पीभवनाने टाकी गार पडते, दाब उतरतो आणि गोळी तोकडी पडते. साध्या दाबाच्या हवेला ही भानगड नाही. टाकीवरचा रेग्युलेटर दाब कमी करून, बहुतेक वेळा ८०० पीएसआयच्या आसपास, एकसारखा पुढे देतो. म्हणून घ्यायची तर हवेचीच टाकी घ्या.

किती हवा, किती शॉट

टाकीवर दोन आकडे असतात : आकारमान घन इंचात आणि दाब पीएसआयमध्ये. ‘४८/३०००’ म्हणजे ४८ घन इंच आणि ३००० पीएसआय, अर्थात ०.७९ लिटर आणि २०७ बार. टाकी ८०० पीएसआयच्या, म्हणजे ५५ बारच्या खाली गेली की नेम बिघडतो. म्हणून कामाची हवा अशी काढायची :

कामाची हवा = आकारमान × (भरलेला दाब − ५५)

गोळी ०.६८ इंच व्यासाची आणि साधारण ३ ग्रॅमची असते. मैदानावर तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात, म्हणजे ऊर्जा साडेबारा ज्यूलच्या आसपास येते. एका शॉटला बाहेरच्या दाबाची किती हवा लागते हे मार्करवर अवलंबून आहे. मी हिशेबासाठी पाव लिटर धरली आहे.

• १३/३००० : कामाची हवा ३२ लिटर, सुमारे १३० शॉट.
• ४८/३००० : १२० लिटर, सुमारे ४८० शॉट.
• ६८/४५०० : २८४ लिटर, कागदावर अकराशे शॉट. इतक्या दाबाला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, म्हणून हजारच धरा.
• तीच ६८/४५०० टाकी, पण भरणाऱ्याकडे ३००० पीएसआयच मिळाले तर : १६९ लिटर, सुमारे ६८० शॉट.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. कार्बन फायबरच्या टाकीला जास्त पैसे मोजायचे ते ४५०० पीएसआयसाठी. भरणारा ३००० वरच थांबत असेल तर तो जास्तीचा पैसा वाया गेला.

भरायची कुठे?

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो, एचटीपी पंप तर पाणी फेकतो. सीएनजी पंपावर दोनशे बार असतो, पण तो ज्वलनशील गॅस आहे, तिकडे टाकी घेऊन फिरकूही नका. हवेसाठी हाय-प्रेशर कॉम्प्रेसर लागतो. तो पेंटबॉलच्या पार्कात, स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे (आपल्या राज्यात तारकर्लीला), अग्निशमन दलाच्या श्वसनयंत्रांसाठी आणि एअर रायफलच्या नेमबाजांकडे असतो. पुण्याची बालेवाडी नेमबाजांसाठी प्रसिद्ध आहे. पण यातलं कुणीही बाहेरच्याची टाकी भरून देईलच असं नाही. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा : भरून देता का, किती बारपर्यंत, आणि कोणता शिक्का असलेली टाकी चालते.

चौघांनी मिळून एक स्कूबा सिलिंडर घेण्याची कल्पनाही वाईट नाही. ११.१ लिटरचा सिलिंडर २०७ बारला भरलेला असेल आणि दर वेळी ५५ बारवर आलेली ४८ ची टाकी त्याला जोडली, तर पहिल्यांदा १९७ बार मिळतो, दुसऱ्यांदा १८७, तिसऱ्यांदा १७९ आणि दहाव्यांदाही १३२. म्हणजे एका खेपेत दहा वेळा भरता येतं. मात्र हे काम शिकलेल्या माणसाच्या हातून, योग्य फिल-स्टेशन लावून आणि सावकाश व्हायला हवं. हातपंप १३ च्या टाकीला ठीक आहे. ४८ ची भरायला बसलात तर खेळायला अंगात त्राण उरणार नाही. पावसाळ्यात हातपंपाने हवेबरोबर ओलही आत जाते, म्हणून फिल्टर हवाच.

शिक्का आणि तारीख

ही गोष्ट जिवाची आहे. ४८/३००० ची टाकी एकदम फुटली तर सुमारे ३२ किलोज्यूल ऊर्जा सुटते. ५० किलोची सिमेंटची गोणी ६५ मीटरवरून, म्हणजे वीसेक मजल्यांवरून खाली पडावी, तेवढी. म्हणूनच टाकीची चाचणी हवेने न करता पाण्याने करतात. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी तडकली तरी स्फोट होत नाही. अमेरिकी शिक्क्याच्या ३००० पीएसआयच्या ॲल्युमिनियम टाकीला ही चाचणी ५००० पीएसआयला होते आणि साधारण दर पाच वर्षांनी करावी लागते. कार्बन फायबरच्या टाकीचं एकूण आयुष्यच बहुधा १५ वर्षांचं ठरवलेलं असतं.

आपल्याकडे सिलिंडरचा कारभार पेसो बघतं. त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत सिलिंडरची व्याख्या ५०० मिलीलिटरच्या वर सुरू होते. म्हणजे ४८ घन इंचाची ७८७ मिलीलिटरची टाकी त्यात बसते आणि तिला पेसोची मान्यता लागते. १३ घन इंचाची २१३ मिलीलिटरची टाकी व्याख्येबाहेर राहते, पण तिच्यातला दाब तेवढाच असतो, हे विसरू नका. अमेरिकेतल्या मामांनी स्वस्तात आणलेल्या मोठ्या टाकीवर तिकडचा शिक्का असतो, इकडचा नसतो. नियमाने चालणारा माणस ती भरणार नाही. मार्कर मागवण्याआधीही कस्टम आणि शस्त्रांचे नियम बघून घ्या.

नेमबाजांचं बघा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सिलिंडर मुदतीत आहे की नाही याची जबाबदारी खेळाडूवरच असते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या पातळीवरच्या खेळाडूलाही तारीख बघावी लागते, मग आपण का बघू नये?

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

किंमत वर्षांत वाटून बघा. आकडे नुसते उदाहरणाचे आहेत. समजा, बारा वर्षं जुनी कार्बनची टाकी ६००० रुपयांना मिळतेय. उरली तीन वर्षं, म्हणजे वर्षाला २००० रुपये, शिवाय मधे चाचणी आली तर तिचा खर्च वेगळा. नवी ॲल्युमिनियमची टाकी ८००० ची असेल तर पहिल्या चाचणीपर्यंतच्या पाच वर्षांत वर्षाला १६०० रुपये, आणि चाचणीत पास झाली तर पुढेही चालते. वरवर महाग दिसणारी टाकी अशी स्वस्त पडते. यात भराईचे आणि एसटीच्या तिकिटाचे पैसेही धरा.

काही पथ्यं

१. जोडावर तेल किंवा ग्रीस लावू नका. दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.
२. ऑक्सिजन किंवा दुसरा कुठलाही गॅस भरू नका.
३. बर्स्ट डिस्कच्या जागी साधा बोल्ट ठोकू नका. तीच टाकीची शेवटची सुरक्षा आहे.
४. खोल ओरखडा, पोचा किंवा निघालेले धागे दिसले तर टाकी वापरू नका.
५. टाकी उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा रूमच्या पत्र्याखाली ठेवू नका.

आता माझं मत. भरायची सोय पक्की असेल तर चौघांत मिळून मान्यताप्राप्त ४८/३००० ॲल्युमिनियमची नवी टाकी घ्या. एकट्याला घरच्या घरी सराव करायचा असेल तर १३/३००० आणि फिल्टरवाला हातपंप. यातली कुठलीच सोय नसेल तर टाकी घेऊच नका, पार्कातली भाड्याची वापरा आणि पैसे साठवा. दुकानदार रंग आणि वजन दाखवेल, तुम्ही शिक्का आणि तारीख बघा. शंका असेल तर पैसे देण्याआधी टाकीचा फोटो घेऊन वर्कशॉपमध्ये सरांना दाखवा.