घड्याळ पाळ, पाणी तोडू नकोस

अगं, आधी तो पाण्याचा ग्लास रिकामा कर. डॉक्टरांनी ‘आता लघवी नळीनं काढायची’ म्हटल्यापासून तू पाणी तोडलंयस. प्यायलंच नाही तर नळी लावायला नको, असं तुझ्या मनात आहे ना? पण पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि जंतूंचं फावतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जायलाच हवं. थोडं थोडं पी, आणि झोपायच्या आधी दोन तास हात आखडता घे.

तुझ्या कमरेतली गादी सरकून खालच्या नसा दबल्या. ऑपरेशन झालं, पण नसा सावरायला वेळ लागतो. तोवर लघवीची पिशवी भरल्याचं तुला कळत नाही आणि ती आपणहून नीट रिकामीही होत नाही. म्हणून लघवी लागायची वाट पाहायची नाही. घड्याळ बघायचं. साधारण चार ते सहा तासांनी, दिवसातून चार-पाच वेळा. सुरुवातीला माप असलेला मग ठेव आणि वहीत वेळ नि मिलिलिटर लिही. एका वेळी चारशे-पाचशेच्या वर जायला लागलं, तर मधलं अंतर कमी करायचं. पिशवी सतत तुडुंब राहिली की दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो, आणि आपल्याला जपायची आहेत ती मूत्रपिंडं.

‘रोज नळी घातली तर इन्फेक्शन होणारच’ ही भीती मलाही होती. 1972 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी मांडलं, की ताणलेल्या पिशवीच्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि तिथं जंतू घर करतात. त्यामुळे नळी अगदी निर्जंतुक असण्यापेक्षा पिशवी वेळेवर रिकामी होणं महत्त्वाचं. तेव्हापासून साबणानं हात धुऊन घरच्या घरी नळी लावायची पद्धत जगभर रुळली.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघ. हात धू, खालची जागा पुढून मागे पुसून घे. कमोडवर मांड्या फाकवून बस, समोर छोटा आरसा ठेव. डाव्या हाताच्या बोटांनी ओठ बाजूला धर. वरचा दाणा आणि खालचा योनिमार्ग यांच्या मध्ये बारीक खळी दिसेल, ती लघवीची वाट. जेली लावलेली नळी हळू आत सरकव, पण आत जाणाऱ्या टोकाला बोट लावू नकोस. बाईची ही वाट जेमतेम चार सेंटिमीटरची. धार सुरू झाली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत घे. धार थांबली की सावकाश बाहेर काढ. मध्ये पुन्हा थेंब आले तर तिथंच थांब. अडलं तर जोर करू नकोस, थोडं खोक, लांब श्वास घे. चुकून योनीत गेली तर ती खूण म्हणून तशीच राहू दे आणि दुसरी नळी वरच्या वाटेनं घाल.

काकू हळूच विचारत होत्या, ‘लग्नाच्या मुलीला हे चालेल ना?’ त्यांना सांग, लघवीची वाट वेगळी नि योनीची वेगळी. नळीनं कौमार्याला काही होत नाही. पाळीतही नळी लावायचीच, फक्त आधी नीट धुऊन घ्यायचं. पुढं संसारात, संबंधांच्या आधी आणि नंतर पिशवी रिकामी करायची, एवढंच.

नळ्या एका वापरासाठीच बनवलेल्या असतात. खर्चापायी धुऊन वापरायच्या असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच ठरव. प्रवासात पर्समध्ये दोन जादा नळ्या, जेली, ओले टिश्यू, साबणाच्या चकत्या आणि एक झिपची पिशवी ठेव. एसटी स्टँडवरच्या संडासाच्या धास्तीनं वेळ टाळू नकोस. निघताना आणि पोचल्यावर, दोन्हीकडे करून घे.

आणि हे पक्कं लक्षात ठेव. रिपोर्टमध्ये जंतू दिसले पण त्रास काहीच नाही, तर मनानं अँटिबायोटिक घ्यायचं नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीतून रक्त येत राहणं किंवा नळी लावूनही लघवी न येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

घरात निदान एका माणसाला हे मोकळेपणी सांगून टाक. लपवाछपवी केलीस की पाहुणे बसलेत म्हणून, मीटिंग लांबली म्हणून वेळ टळत जाते. उद्या मी येते. नर्सबाईंनी शिकवलंय ते तू माझ्यासमोर कर, अडलं तर दोघी मिळून बघू.