धावलेली मोटार आणि उभी मोटार

बैल विकत घ्यावयाचा झाला, म्हणजे मराठवाड्यातील जाणता शेतकरी केवळ शिंगे व रंग पाहून भुलत नाही. तो त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि जमल्यास जोतास जुंपून त्याचा दम पाहतो. जनावराची खरी पारख कामात होते, हे त्यास ठाऊक असते. यंत्राची पारखही अशीच करावी लागते. एका नामवंत मोटारीच्या इतिहासावरून हे चांगले समजते. त्या इतिहासाचा एक धागा इंग्लंडात आहे, दुसरा मुंबई-कोल्हापूरच्या वाटेवर आहे आणि तिसरा नांदेड व लातूर ही गावे पूर्वी ज्या राज्यात होती, त्या हैदराबाद संस्थानात आहे.

हेन्री रॉइस याचा जन्म १८६३ मध्ये इंग्लंडात एका गरीब पिठगिरणीवाल्याच्या घरी झाला. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. वर्तमानपत्रे विकून, तारा पोहोचवून त्याने पोट भरले आणि पुढे यंत्रविद्या शिकला. त्याने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. पण तिचे दोष त्याच्या नजरेत खुपू लागले. तेव्हा १९०४ मध्ये त्याने स्वतःच मोटार तयार केली. त्याच वर्षी चार्लस रोल्स या धनिक तरुणाशी त्याची गाठ पडली आणि दोघांच्या नावाची रोल्स-रॉइस कंपनी पुढे उदयास आली.

त्या काळी सहा नळकांड्यांची इंजिने बेभरवशाची मानली जात. इंजिनातील मुख्य आस लांब असे. वेगाने फिरताना तो पिळवटून थरथरे आणि पुष्कळदा मोडे. रॉइसने हा आस जाड केला, त्यास सात ठिकाणी आधार दिला आणि फिरणाऱ्या भागांना दाबाने तेल मिळेल अशी योजना केली. थरथर कमी झाली, झीज कमी झाली आणि इंजिन शांतपणे चालू लागले.

१९०७ मध्ये या नव्या जातीच्या एका मोटारीस रुपेरी रंग देण्यात आला. तिच्या निःशब्द चालीवरून तिचे नाव 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे 'रुपेरी भूत', असे ठेवले गेले. पुढे त्या जातीच्या सर्वच मोटारी या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु नाव ठेवल्याने गुण सिद्ध होत नाहीत. कंपनीचा व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन याने ही मोटार पंधरा हजार मैलांच्या परीक्षेस उतरविली. ही वेगाची शर्यत नव्हती; दमाची होती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक मोटारीत बसत आणि प्रत्येक लहानमोठ्या बिघाडाची नोंद करीत. रात्रंदिवस प्रवास चाले. विसावा केवळ रविवारी. लंडन व ग्लासगो या शहरांमधील वाट मोटारीने सत्तावीस वेळा तुडविली. आरंभी ६२९ मैलांवर धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली व मोटार थांबली. त्यानंतर मात्र १४,३७१ मैल तिच्या बिघाडामुळे ती एकदाही थांबली नाही.

परीक्षा संपल्यावर क्लबच्या तज्ज्ञांनी तिचा भाग न् भाग सुटा करून तपासला. जे थोडे झिजले होते ते पुन्हा नव्यासारखे करण्यास केवळ दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स लागले. त्या काळच्या हिशोबाने ही रक्कम सुमारे ३२ रुपये होते. एवढे छोटे बिल हीच तिची मोठी कीर्ती ठरली.

लवकरच या जातीची मोटार हिंदुस्थानात आली. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे 'पूर्वेचा मोती', हे तिचे नाव. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मोटार परीक्षेत ती उतरली. मुंबईहून कोल्हापुरास जावयाचे, तर सह्याद्री ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. आजच्यासारखे गुळगुळीत रस्ते तेव्हा नव्हते. खडी, धूळ आणि घाटांची चढण यांतून ती यशस्वी होऊन बाहेर पडली. पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे शिंदे घराण्याचे मूळ गाव. सह्याद्रीत नाव मिळविलेली ही मोटार अशा रीतीने एका मराठी घराण्याच्या दारी गेली.

हैदराबादच्या धाग्याची कथा निराळी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ च्या सुमारास याच जातीची एक मोटार मागविली. तिला पिवळा रंग होता. आत मागील बाजूस सिंहासनासारखे उंच आसन होते. मोटार येण्यापूर्वीच, १९११ मध्ये, ते निवर्तले आणि ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. १९३७ मध्ये 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ज्यांचे चित्र छापून जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हटले, ते हेच निजाम. एवढा ऐश्वर्यवान मालक लाभूनही मोटारीच्या नशिबी रस्ता आला नाही. समारंभापुरती ती बाहेर पडे. १९४७ पर्यंत ती जेमतेम साडेतीनशे मैल चालली होती, असे सांगतात. हैदराबादहून नांदेडास एकवार जाऊन परत यावे, एवढेच हे अंतर!

त्याच काळात नांदेडचा कापूस आणि लातूरचे धान्य बैलगाड्यांतून बाजारास येत होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथील गंजगोलाईस मिळणाऱ्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे बैलांच्या खुरांची धूळ उडत राहिली. शेतकऱ्याने भरलेला शेतसारा हा संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. शिवाय काही मुलूख 'सर्फ-ए-खास' म्हणून निजामांचा खाजगी असे आणि त्याचा वसूल त्यांच्या खाजगी खजिन्यात जाई. ज्यांच्या घामातून खजिना भरला, त्यांना ती पिवळी मोटार दुरूनही पाहावयास मिळणे कठीण होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. इंग्लंडातील मूळ 'सिल्व्हर घोस्ट' १९०८ मध्ये एका गृहस्थाने विकत घेतली होती. तीही याच १९४८ साली कंपनीकडे परत आली. मधल्या चाळीस वर्षांत ती शोभेसाठी ठेवली गेली नाही, वापरली गेली. तिची एकंदर वाटचाल पाच लाख मैलांहून अधिक झाली, असे म्हणतात. निजामांची मोटार डागडुजी होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवण्यात आली. तेथे तिकीट काढून कोणीही ती पाहू शकतो. नांदेडच्या किंवा लातूरच्या शेतकऱ्याचा मुलगाही आता तिच्यासमोर उभा राहू शकतो.

दोन्ही मोटारींचे पोलाद एक, इंजिन एक, कारागिरीही एक. एकीला रस्ता मिळाला, दुसरीला आसन मिळाले. वस्तूची किंमत देणारा तिचा मालक होतो, हे खरे. परंतु वस्तूचा गुण तिला कामास लावणाऱ्यासच कळतो. आणि ती किंमत कोणाच्या कष्टांतून आली, हे विसरून मालकीचा हिशोब कधीच पुरा होत नाही.

स्वाध्याय

१. सहा नळकांड्यांच्या इंजिनातील कोणता दोष रॉइसने दूर केला? कसा?
२. 'एवढे छोटे बिल हीच तिची मोठी कीर्ती ठरली.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. मूळ 'सिल्व्हर घोस्ट' व निजामांची मोटार यांतील साम्य आणि भेद सांगा.
४. तुमच्या घरातील सर्वांत जुने, अद्याप कामास येणारे अवजार कोणते? ते कोणी घेतले, कोणी वापरले, याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.