पाटणादेवीच्या रानातून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे



भूगोलाच्या तासाला ‘वर्षावन’ हा शब्द आला की मुले हमखास विचारतात, “गुरुजी, आपल्याकडे असं रान कुठं आहे?” खरे सांगायचे तर खानदेशात नाही. वर्षावनाला साधारण २,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस लागतो, आणि तो वर्षभर थोडाथोडा पडावा लागतो. चाळीसगावकडे त्याच्या निम्मादेखील पडत नाही, आणि जो पडतो तो चार महिन्यांतच. म्हणून आपले रान पानगळीचे. साग, पळस, अंजन, धावडा, सालई ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकून देतात. पाणी वाचवायची ती त्यांची युक्ती आहे. पण भाद्रपदात जाऊन बघा. हेच रान इतके दाटते की दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही.

असे रान तुडवीत गुहेपर्यंत जायचे तर फार लांब जायला नको. चाळीसगावपासून सुमारे १८ कि.मी.वर सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. देवीला तर सगळेच जातात. पण त्याच गावच्या शिलालेखाची गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्याला इ.स. १२०७ च्या सुमारास देणगी मिळाली, ती या लेखात कोरलेली आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या रानात पोरं गणिते सोडवीत होती!

देवळाच्या आजूबाजूचे सगळे जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. ते १९८६ साली जाहीर झाले. बिबट्या, तरस, नीलगाय, रानडुक्कर, मोर यांचे हे घर. आपण तिथले पाहुणे. त्यामुळे आधी वनखात्याची परवानगी घ्यायची, वाटाड्या बरोबर घ्यायचा आणि मगच खोऱ्यात शिरायचे. वाट नाल्याच्या कडेने जाते. दगड शेवाळलेले असतात, चप्पल कामाची नाही, बूट हवेत. अर्धा दिवस तरी हाताशी धरावा. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरपूर पाणी एवढे पुरे. डोंगरावर आभाळ काळे झाले की नाल्यात थांबू नये. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या अंगाला पडलेला पाऊस घटकाभरात खाली येतो. कड्यांना आग्या मोहोळे असतात, तेव्हा धूर आणि आरडाओरडा बंद. आजीआजोबांना घेऊन जायचे असेल तर कन्नडच्या बाजूने वरून रस्ता आहे, तिथून पायऱ्यांनी घळीत उतरता येते.

खोरे अरुंद होत जाते आणि मग कड्यात लेणी दिसतात. ही पितळखोऱ्याची लेणी. जिल्हा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद), तालुका कन्नड, पण पाणी उतरते ते आपल्या खानदेशात. एकूण १४ लेणी आहेत आणि त्यांतली सर्वात जुनी सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची. बौद्ध भिक्षू इथे राहत. पावसाळ्यात त्यांनी गावोगाव हिंडायचे नाही, एका जागी राहायचे, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. पावसाळ्यात राहायचे ठिकाण, आणि दगड मात्र ठिसूळ, पाणी झिरपणारा. मग कारागिरांनी काय केले? चौथ्या लेण्याच्या जिन्याजवळ पाच फण्यांचा नाग कोरला आहे. त्याच्या मागून दगडातच पन्हळ काढली आणि फण्यांना भोके पाडली. कड्यावरचे पाणी पन्हळीतून येऊन नागाच्या फण्यांतून बाहेर पडे! शोभेची शोभा आणि पाण्याचा निचराही. दाराशी दोन द्वारपाल उभे आहेत, आणि जोत्यावर हत्तींची रांग. बरेच हत्ती मोडले आहेत. ते सगळे माणसांनी मोडले असे नव्हे. पुढचा कडाच पुष्कळसा ढासळला आहे.

इथे एक हसरा, ढेरपोट्या यक्ष सापडला. डोक्यावर भांडे धरलेला. त्याच्या हातावर अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ असा की ही मूर्ती कान्हदास सोनाराने केली. त्या काळच्या कारागिराचे नाव कळणे फार दुर्मीळ, आणि त्यातून हा सोनार, दगड घडवणारा! मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देणगीदारांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, आणि राजवैद्य मगिल आहे. आज आडरानात वाटणारी ही जागा तेव्हा पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेजवळ होती.

गुहा आणि लेणे यांत फरक आहे बरं का. व्हिएतनाममध्ये खऱ्या वर्षावनात सोन डूंग नावाची गुहा आहे. हो खान्ह नावाच्या गावकऱ्याला १९९० च्या सुमारास तिचे तोंड दिसले, पण वाट हरवली. २००८ साली त्याला ती परत सापडली आणि पुढच्या वर्षी इंग्रज संशोधकांनी मोजणी केली. ती चुनखडीत पाण्याने कोरलेली आहे. तिचे छत दोन ठिकाणी कोसळून आत ऊन आले आणि आतच जंगल उगवले. पितळखोऱ्याचा दगड काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा. तो पाण्यात असा विरघळत नाही. इथली पोकळी छिन्नी-हातोड्याने झालेली आहे.

भिंतींवर नावे लिहू नका. अजिंठ्यात २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात नाव कोरले, ते अजून आहे. साहेबाने केले म्हणून ते चांगले ठरत नाही. १९५८ च्या कायद्याने असे करणे आता गुन्हा आहे.

करून पाहा :
१) आपल्या शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाते त्याचा नकाशा काढा.
२) पानगळ होणारी पाच झाडे गावात शोधून त्यांची पाने वहीत चिकटवा.
३) अहिराणीत या झाडांना काय म्हणतात ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून पानाखाली लिहा.